जागा

दसऱ्यानंतर नाना सुरतेला गेले. मुलाने उधन्यात फ्लॅट घेतला होता, नातवाला सांभाळायला घरात मोठं माणूस हवं होतं. शहाद्याच्या आमच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर पंधरा वर्षं त्यांनी लिफ्ट दिली, म्हणजे मारणाऱ्यासाठी चेंडू वर पाठवला. निघायच्या आदल्या संध्याकाळीही ते आले, एक सेट खेळले, बुटांवरची धूळ झटकली आणि चेंडू माझ्या हातात देत म्हणाले, "आते तू लिफ्ट कर. तुले जमी."

मी चव्वेचाळीस वर्षांचा. गावात माझं ठिबकचं दुकान आहे. व्हॉलीबॉल शाळेपासून खेळतो, पण कायम स्मॅशर म्हणून. नेटजवळ चेंडू वर यायचा, तीन पावलं घ्यायची, उडायचं, मारायचं. चेंडू वर कोण पाठवतंय, कसा पाठवतंय, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. तो यायचाच. गेली दोन वर्षं गुडघा बोलायला लागला आणि उडी कमी झाली, तेव्हा मी मागच्या रांगेत डिग घेत, म्हणजे पलीकडून आलेला चेंडू उचलत, उभा राहायचो. नानांनी मला काय पाहून निवडलं ते मी आजही त्यांना विचारलेलं नाही.

सुरुवातीला आमच्या सरांनी (निवृत्त पीटी शिक्षक, मैदानाला पाणी मारण्यापासून फक्की टाकण्यापर्यंत सगळं तेच बघतात) एकट्यावर भार नको म्हणून ४-२ लावलं. चार मारणारे, दोन लिफ्टर. एका माणसाच्या जागी दोन माणसं. दुसरा लिफ्टर अकरावीतला मुलगा होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहायचो आणि चेंडू मधे पडायचा. आठ दिवसांनी सर म्हणाले, "जाऊ दे, तूच कर. पण बोटं तयार कर आधी."

बोटं तयार करणं म्हणजे काय, हे लिफ्टर झाल्याशिवाय कळत नाही. दोन्ही हात कपाळासमोर, अंगठे आणि तर्जन्या मिळून एक त्रिकोण, आणि त्या त्रिकोणातून वर बघायचं. चेंडू तळहाताला लागता कामा नये. तो बोटांच्या पेरांवर येतो, क्षणभर बोटं मागे झुकतात आणि तिथूनच निघतो. साधारण पावणेतीनशे ग्रॅमचा चेंडू, पण जोराच्या डिगवरून फिरत आला की अनामिकेचं पेर उलटं वळवतो. पहिल्या पंधरवड्यात माझी उजवी अनामिका दोनदा सुजली. दुकानात पाईपला टेकऑफ (ठिबकची बारीक नळी, म्हणजे लॅटरल, जोडायचा तुकडा) बसवताना डोळ्यांत पाणी यायचं, कारण ग्रोमेटच्या रबरी कडीत टेकऑफ दाबायला नेमकं तेच बोट लागतं. डाव्या हाताने दाबायला शिकलो.

सरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. चांगल्या लिफ्टला आवाज नसतो. 'पट' असा आवाज आला की समजायचं तळहात लागला. एक हात आधी आणि दुसरा नंतर लागला तर दोन बारीक आवाज येतात, आणि पंच डबलचा फाऊल देतो. "डोळ्याने काय बघतोस," म्हणायचे, "ऐक."

म्हणून मी रात्री दुकान वाढवल्यावर मागच्या गोदामात भिंतीवर चेंडू घ्यायला लागलो. एका बाजूला पीव्हीसी पाईपांची रास, दुसऱ्या बाजूला लॅटरलची बंडलं, मधे आठ-दहा फूट मोकळी जागा. दोनशे लिफ्ट रोज. नोव्हेंबरातली गोष्ट, थंडी पडायला लागली होती. पहिल्या आठवड्यात मी आकडे मोजायचो. नंतर कधीतरी मोजणं सुटलं आणि तोंडात एक सूर घोळायला लागला. गिटारची चार-पाच सुरांची एक ओळ, फिरून फिरून तीच. चेंडू भिंतीला लागला की ओळ सुरू, बोटांवर आला की ओळ संपली. तीन-चार रात्री हे चाललं होतं, आणि आपण काय गुणगुणतोय याच्याकडे माझं लक्षही नव्हतं.

मग एका रात्री चेंडू हातातच धरून थांबलो. ती ओळ इंडियन ओशन या बँडची होती. त्यांच्या 'कंदिसा' या अल्बममधली, शब्द नसलेल्या एका वाजवण्यातली. सोळा वर्षांत मी ती ऐकली नव्हती.

हे जरा मागे जाऊन सांगायला हवं.

२००१ साली मी धुळ्याला वसतिगृहात होतो. आमच्या मजल्यावर हिंदी सिनेमाची गाणी वाजायची, गणपतीत आणि लग्नसराईत अहिराणी गाणी. इंग्रजी रॉकच्या दोन-तीन कॅसेट फिरत असायच्या, पोरं मान हलवायची, पण शब्द कोणाला कळत होते? माझ्या रूम पार्टनरचा मावसभाऊ पुण्याला शिकायचा. त्याने साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर 'कंदिसा' भरून पाठवली, गाण्यांचा क्रम स्वतःच्या मनाने लावून. २००० साली आलेला तो अल्बम. दिल्लीचे चौघे जण: गिटारवर सुस्मित सेन, बासवर राहुल राम, ड्रमवर अमित किलम, आणि तबला वाजवता वाजवता गाणारा असीम चक्रवर्ती. रॉक म्हणून ऐकायला बसलो आणि तबला निघाला. गिटार सतारीसारखी बोलत होती. 'कंदिसा' या शब्दाचा अर्थ पवित्र. केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली जुनी प्रार्थना. ती भाषा मला इंग्रजीहून कितीतरी परकी, तरी त्या गाण्यात मी पाहुणा नव्हतो.

आणि त्यातच रेवेचं गाणं होतं. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात होता, हे गाणं त्या खोऱ्यातून बँडमध्ये आलं. आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला, त्याची उत्तरेची हद्द म्हणजे नर्मदा. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातली ३३ गावं जायची होती, सगळी आमच्याच जिल्ह्यातली, अक्कलकुव्याची आणि धडगावची. मोर्चे आम्ही शाळेतून येता-जाता पाहिलेले. दिल्लीची पोरं गिटार घेऊन आमच्या सातपुड्यापलीकडच्या नदीचं गाणं म्हणत होती, हे त्या वयात मला केवढं मोठं वाटलं होतं! आपल्या भागाला कोणीतरी गाण्यात घेतलं होतं.

पण त्या मावसभावाने रेवेचं गाणं 'ए' बाजूच्या शेवटी भरलं होतं आणि टेप पुरली नव्हती. गाणं ऐन भरात असताना खट्ट व्हायचं आणि बटण वर यायचं. आम्हाला ते इतकं पाठ झालं की गाताना आम्हीही तिथेच थांबायचो आणि तोंडाने खट्ट म्हणायचो.

पुढे एकदा पुण्याला एका कॉलेजच्या मैदानावर त्यांना प्रत्यक्ष ऐकलं. राहुल राम मोकळ्या लांब केसांनी बास घेऊन उभा, आणि असीम मांडी घालून बसलेला, समोर तबला, तोंडाशी माइक. एवढ्या मोठ्या मंचावर मांडी घातलेला तो एकटाच. हात वेगळं काही बोलत होते आणि गळा वेगळं. पोरं उड्या मारत होती, मी मात्र त्या बसलेल्या माणसाकडेच बघत राहिलो. गाण्यातली एखादी जागा तो अशी घ्यायचा की पुढचे दोन दिवस ती डोक्यातून जायची नाही.

२००९ च्या डिसेंबरात, नाताळच्या दिवशी, तो गेला. मी पेपरात वाचलं. वय बावन्न. दुकान नवीन होतं, गिऱ्हाईक समोर उभं होतं, मी ठिबकमधून खत सोडायच्या व्हेंचुरीचा भाव सांगत होतो. त्या रात्री कॅसेट काढली, लावली नाही, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिली. तो आवाज नाही तर पुढचं काय ऐकायचं, असं मनाने ठरवून टाकलं. बँड पुढे वाजवत राहिला, नवीन गायक आला, एवढं कानावर आलं होतं. मला त्या गायकाचं नाव जाणून घ्यायचं नव्हतं. ती मी असीमशी राखलेली निष्ठा समजत होतो.

तर गोदामात चेंडू हातात धरून मी उभा. फोन काढला, नाव टाकलं, आणि पाईपांच्या राशीवर फोन ठेवून 'कंदिसा' पहिल्यापासून लावला.

पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात आलं, आपण हे कधी ऐकलंच नव्हतं. म्हणजे सगळं पाठ होतं, पण विशीत मी फक्त आवाज ऐकत होतो. वरचं. आता महिनाभर भिंतीशी उभा राहून कान दुसरीकडेच लागला होता. आता मला खालचा बास ऐकू येत होता. तो कुठे थांबतो ते कळत होतं. गळा उठायच्या आधी तबला हलका होतो, गिटार बाजूला सरते, आणि मधे जेवढी मोकळी जागा होते तेवढ्यातच आवाज येतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो उंच जातो. त्याला तिघं वर पाठवत होते. आणि कमाल म्हणजे तबल्यावरून स्वतःला वर पाठवणारा चौथा तोच होता. मी गाणं मागे नेऊन ती जागा सहा-सात वेळा ऐकली.

मग रेवेचं गाणं आलं. खट्ट व्हायची जागा जवळ आली तशी माझी पाठ ताठ झाली, खरंच झाली. ती जागा आली आणि गेली. गाणं पुढे चालू राहिलं! गेली चोवीस वर्षं जे गाणं मी माझं म्हणत होतो त्याचा शेवट मी त्या रात्री, गोदामात, पहिल्यांदा ऐकला. शेवट कसा आहे ते इथे लिहीत नाही. ज्याचं त्याने ऐकावं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात तेच लागायला लागलं. पपईवाले शेतकरी हिशेब करता करता पायाने ताल धरायचे. आमचा मुख्य स्मॅशर, पाडळद्याचा पोरगा, दुकानात माझ्या हाताखाली असतो. त्याने दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "काका, हा जो तबला वाजवतो तोच गातो ना? श्वास कधी घेतो?" मला त्या वयात हा प्रश्न सुचला नव्हता.

त्यानेच शोधून मला सांगितलं, की २०१० साली '१६/३३० खजूर रोड' नावाचा त्यांचा अल्बम आला होता. दिल्लीत करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते सराव करायचे त्याचा हा पत्ता. गाणी त्यांनी इंटरनेटवर फुकट दिली होती. आणि त्यात असीमचा आवाज आहे, जायच्या आधी त्याने गाऊन ठेवलेला. निष्ठा म्हणून मी कान बंद केले आणि त्याचंच गाणं पंधरा वर्षं दाराबाहेर उभं राहिलं. याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. तो अल्बम मी हळूहळू ऐकला, एका रात्री एक गाणं. त्याच्यानंतरचं मात्र नाही. तिथे नवा आवाज होता.

इकडे मैदानावर माझी लिफ्ट बऱ्यापैकी पडायला लागली होती. आवाज बंद झाला होता. नाना जशी द्यायचे तशी उंच, सावकाश, नेटपासून हातभर लांब, चेंडू वर जाऊन टेकल्यासारखा थांबतो अशी लिफ्ट मी देत होतो. अगदी तशी. सरही म्हणाले, डोळे मिटले तर नाना वाटतात. मला वाटलं, जमलं. तरी पाडळद्याच्या पोराचे स्मॅश नेटमध्ये जात होते. आठवडाभर तो काही बोलला नाही. लहान आहे, मान ठेवतो. शेवटी एका संध्याकाळी चेंडू काखेत धरून माझ्याजवळ आला.

"काका, राग नका मानू. नानांची लिफ्ट उंच होती, मी त्यांच्यासाठी थांबायचो. मला खरं तर लवकर लागते. खाली. मी आधीच उडालेला असतो."

"मग नानांना का नाही सांगितलं?"

"ते नाना होते ना."

त्या दिवशी आम्ही दोघंच अंधार पडेपर्यंत थांबलो. कमी उंचीची, वेगाची लिफ्ट हा निराळाच खेळ. उंच लिफ्टमध्ये चुकायला वेळ असतो, हिच्यात नाही. त्याचं शेवटचं पाऊल टेकायच्या आधीच माझ्या बोटांतून चेंडू सुटलेला हवा. तो दिसायची वाट पाहिली की उशीर झालाच. पावलं ऐकावी लागतात. डावं, उजवं-डावं. मुरमावर त्याचे बूट घासल्याचा आवाज माझ्या पाठीमागून यायचा आणि दुसऱ्या आवाजाला मी चेंडू सोडायचो. पन्नासातले पाच जमले. पंधरा दिवसांनी तीस.

जानेवारीच्या शेवटी तळोदा तालुक्यात एका पुनर्वसन वसाहतीत एकदिवसीय सामने होते. आम्ही ट्रॅक्स गाडी केली. पहाटे निघालो, कडाक्याची थंडी, सगळे कानटोप्यांत. वसाहतीचं मैदान बघून मन प्रसन्न झालं: शेणाने सारवल्यासारखी घट्ट जमीन, कडेला कडुनिंब, पाईप रोवून ताणलेलं नेट. खेळणारी बहुतेक पोरं पावरा आणि भिल्ल, धरणात गेलेल्या गावांतल्या घरांची. त्यांचा जन्म इथलाच, खाली सपाटीवरचा. काही जण अनवाणी खेळत होते आणि बूटवाल्यांपेक्षा वीतभर जास्त उडत होते.

पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसरा यजमान वसाहतीशी. पहिला सेट त्यांचा, दुसरा आमचा. तिसऱ्यात तेरा-तेरा असताना त्यांची जोराची सर्व्हिस आली, आमच्या मागच्या पोराने कशीबशी उचलली, चेंडू नेटपासून दूर माझ्या उजव्या खांद्यामागे चालला. मी वळून धावलो. त्या क्षणी मला नेट दिसत नव्हतं, पाडळद्याचा पोरगा दिसत नव्हता. दिसत होता कडुनिंब आणि त्याच्यावरून खाली येणारा चेंडू. मागून ते बूट घासले. डावं, उजवं-डावं. मी पाठमोराच सोडला. आवाज आला नाही. नंतर फक्त चेंडू पलीकडे जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, आणि आमची पोरं ओरडली.

पुढचे तीन गुण त्यांनी घेतले. सामना हरलो. त्यांचा लिफ्टर सतरा-अठराचा असेल, बोटं अशी की चेंडू हातात घ्यायच्या आधीच सुटलेला. हरल्याचं वाईट वाटलं, पण त्याचा हात हातात घेऊन बघितला. अनामिका वाकडी होती, माझ्यासारखीच.

जेवण वसाहतीतच होतं. ज्वारीच्या भाकरी, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा. आम्ही झाडाखाली टेकलो, पोराने लहान स्पीकरवर गाणी लावली, आणि फिरत फिरत रेवेचं गाणं आलं. त्या लिफ्टरचे आजोबा बाजेवर बसले होते. त्यांनी हाताने आवाज वाढवायची खूण केली. पूर्ण ऐकलं. मी मनात फार काही धरून त्यांच्याकडे बघत होतो, ते मला कबूल करायला हवं. ते म्हणाले, "हे आमच्या बोलीतलं नाही. वरच्या अंगाचं, निमाडचं असेल. आमची गाणी वेगळी." मग थोडं थांबून, "गळा चांगला आहे. दोघं आहेत का?"

"दोघं. त्यातला एक आहे. एक गेला, बरीच वर्षं झाली."

"मग त्याचं आता कोण म्हणतं?"

मला नाव सांगता आलं नाही. म्हाताऱ्याने सहज विचारलं होतं, उत्तराची वाटही न बघता ते नातवाशी पावरीत काहीतरी बोलायला लागले. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो.

परतताना अंधार पडला होता. ट्रॅक्सच्या मागच्या बाकावर पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती, चेंडूंची जाळी माझ्या पायांशी. प्रकाशा गाव यायच्या आधी मी फोन काढला आणि कानात वायर घातली. असीमच्या जागी दोघं आले होते. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गायला हिमांशू जोशी. एका माणसाच्या जागी दोन माणसं. ते वाचून मला आमचं ४-२ आठवलं. पुढे २०१३ साली सुस्मित सेनही बँडमधून बाहेर पडला आणि गिटारवर निखिल राव आला. एवढं सगळं होऊन ते वाजवत होते. मी त्यांचा अलीकडचा एक कार्यक्रम शोधला, त्यात रेवेचं गाणं होतं, आणि ते लावलं.

बास तोच. ड्रम तोच. गिटारचा हात वेगळा, थोडा धारदार. माझी ती जागा जवळ आली. तबला हलका झाला, गिटार सरली, मोकळं झालं. मी श्वास धरून होतो. हिमांशू जोशी आला तो थोडा लवकर, आणि असीम जिथे वर जायचा तिथे न जाता खालूनच, स्वतःच्या सुरावर, सरळ पुढे निघून गेला. मला ते आवडलं की नाही हे कळायच्या आत माझी बोटं मांडीवर हलली होती.

गोमाई नदीच्या पुलावर नानांचा फोन आला. "कितला फरकनी हारनात?"

"शेवटचा सेट सोळा-चौदा."

"लिफ्ट?"

"तुमच्यासारखी नव्हती, नाना. खालून दिली. पोराला तशीच लागते."

पलीकडे सुरतेच्या रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती. "बरं," नाना म्हणाले, "माले तो कधी बोलना नही." मग त्यांनी पाठमोऱ्या लिफ्टबद्दल विचारलं, हात कुठे होते, चेंडू किती मागे होता, आणि मी शहादा येईपर्यंत त्यांना सगळं सांगत राहिलो.